मोरी, मोरी!

दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन रेस्ट होममध्ये जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी तिथलं रहिवाशांच्या हक्कांचं पोस्टर वाचलं आहे? ती शोभा नव्हे. १९९६ पासून न्यूझीलंडमध्ये हे दहा हक्क कायद्याने मिळालेले आहेत.

आपल्या लोकांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाचवा. समजेल अशा भाषेत आणि रीतीने संवाद, गरज असेल आणि शक्य असेल तिथे दुभाषी. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेलं इंग्रजी बरेचदा आधी जातं, मायबोली मागे उरते. परिचयातल्या एक काकू एकदा दुपारभर ‘मोरी, मोरी’ म्हणत होत्या. मदतनीस मुलगी भली, पण तिला ‘मोर’ ऐकू आलं. तिने आणखी चहा दिला! संध्याकाळी काकूंचे कपडे बदलावे लागले आणि नोंदीत ‘अस्वस्थ’ असा शेरा पडला. मग सुनेने मोरी, दुखतंय, थंडी, नको अशा दहा शब्दांची अर्थासह यादी केली आणि ती केअर प्लॅनमध्ये घालून घेतली. नुसती भिंतीवर चिकटवून भागत नाही. पाळीगणिक माणसं बदलतात.

‘तक्रार नको, आईवरच राग निघेल’ हे वाक्य मी पापाटोएटोत अनेक घरांत ऐकलं आहे. भीती खोटी नाही. पण तक्रार करणं हाही त्या दहांतलाच एक हक्क आहे, आणि मुळात ते सगळे आपल्या ऑकलंडमधल्याच एका तक्रारीतून आले. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधल्या उपचारांवर लेख लिहिला. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली, १९८८ मध्ये अहवाल आला, आणि त्यातूनच पुढे आरोग्य आयुक्त व ही संहिता. दोघींनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर?

आधी नर्स-मॅनेजरशी बोला, तारखेसह लिहून ठेवा. नाही जमलं तर ०८०० ५५५ ०५० वर अॅडव्होकसी सेवा आहे. ती मोफत आहे, आणि त्यांचा माणूस बैठकीला तुमच्या बाजूला बसू शकतो.

आणखी एक. ‘मी मुलगा आहे’ एवढ्यावर इथे आईच्या वतीने निर्णय घेता येत नाही. त्यासाठी एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अॅटर्नी लागते. मालमत्तेची वेगळी, देखभालीची वेगळी. ती आईची समज शाबूत असतानाच होते. नंतर फॅमिली कोर्टाची पायरी चढावी लागते.