रिकाम्या रॅमचं काय लोणचं घालायचंय?

कॉलेजात असताना दोन वर्षं मी पनवेल स्टेशनजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात संध्याकाळी बसायचो. स्क्रीन बदलणं, चार्जिंग पोर्टचं सोल्डरिंग वगैरे कामं शेठ स्वतः करायचे. माझ्याकडे यायचं ते 'फोन हँग होतोय' म्हणणारं गिऱ्हाईक. त्यावर माझ्याकडे एकच औषध होतं. क्लीनर ॲप टाकायचं, ते मागेल त्या सगळ्या परवानग्या द्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर बटण दाबायचं. लाल गोल हिरवा व्हायचा. ८७ टक्क्यांचे ५१ टक्के व्हायचे. "बघा दादा, केवढी रॅम अडकली होती!" शंभर रुपये. गिऱ्हाईक खूश, शेठ खूश, मीपण खूश.

आज कबूल करतो, ते शंभर रुपये फसवणुकीचे होते. मला तेव्हा काही कळत नव्हतं, एवढाच माझा बचाव. पण जे लोक ते बटण बनवतात आणि फोनमध्ये आधीच घालून विकतात, त्यांना सगळं कळत असतं. माझं भांडण त्यांच्याशी आहे, आणि 'रॅम भरली' या एका आकड्याशी.

आधी आत कारभार कसा चालतो ते बघू. ऑपरेटिंग सिस्टीम रॅमचे सारख्या मापाचे तुकडे पाडते. त्यांना पेज म्हणतात. आपण पान म्हणू. आजवरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत एक पान ४ केबीचं असतं (अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानांचीही सोय झाली आहे). म्हणजे ४ जीबी रॅमची झाली १० लाख ४८ हजार ५७६ पानं. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, या पानांचा हिशेब ठेवतो. पान वाचलं गेलं की एक खूण होते, त्यावर काही लिहिलं गेलं की दुसरी. कर्नल अधूनमधून या खुणा तपासतो आणि कोणतं पान वापरात आहे, कोणतं नुसतं पडून आहे, हे ठरवतो.

त्यामुळे 'भरलेलं' पान एका प्रकारचं नसतं. काही पानांत स्टोरेजवरच्या फाइलची जशीच्या तशी प्रत असते, उदाहरणार्थ ॲपचा कोड. अशा पानाची जागा लागली तर कर्नल ते तिथल्या तिथे टाकून देऊ शकतो, कारण मूळ प्रत स्टोरेजवर आहेच. काही पानं मळलेली असतात, म्हणजे त्यांत बदल झालेला असतो. ती आधी स्टोरेजवर उतरवावी लागतात, मग सोडता येतात. आणि काही पानं अशी, की त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही: तुमचा अर्धवट टाइप केलेला मेसेज, गेममधली तुमची चालू लढाई. ही टाकता येत नाहीत. ती दाबून, आकाराने लहान करून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतात. या तंत्राचं नाव झेडरॅम. नितीन गुप्ता यांच्या 'कॉम्पकॅश' या प्रकल्पातून ते आलं आणि आज कोट्यवधी फोनांत चालतं.

आता सांगा, '८७ टक्के' या आकड्यात यातलं काय दिसलं?

पनवेलहून सुटणारी सकाळची सीएसएमटी लोकल डोळ्यासमोर आणा. एका सीटवर माणूस बसलाय. शेजारच्या सीटवर बॅग आहे. 'जरा घ्या' म्हटलं की ती मांडीवर जाते. एकावर नुसता रुमाल टाकलाय, माणूस अजून पुलावरच आहे. एक जण खांदेश्वरला उतरणार आहे. खिडकीतून बघणाऱ्याला मात्र सगळा डबा भरलेला दिसतो. कर्नल खिडकीतून बघत नाही. बॅग कोणती आणि माणूस कोणता हे त्याला माहीत असतं. रुमालाला तर तो सीटच देत नाही: ॲपने कितीही जागा मागून ठेवली, तरी बूड टेकल्याशिवाय पान मिळत नाही.

आणि क्लीनर? काळा कोट घालून डब्यात शिरलेला तोतया टीसी. सगळ्यांना खाली उतरवतो आणि म्हणतो, "बघा, डबा कसा मोकळा केला!" पुढच्या स्टेशनला तीच माणसं धक्काबुक्की करत परत चढतात. तुमच्या मेसेजच्या ॲपला मारलं, तर पुढचा मेसेज आला की ते शून्यापासून उठतं. कोड पुन्हा स्टोरेजवरून वाचला जातो, प्रोसेसर पुन्हा राबतो, बॅटरी पुन्हा खर्च होते. जे ॲप आधीच रॅममध्ये होतं म्हणून चटकन उघडलं असतं, ते आता दोन-तीन सेकंद घेतं. मग तुम्हाला वाटतं फोन मंद झाला, आणि तुम्ही पुन्हा तेच बटण दाबता.

रॅम रिकामी असो की भरलेली, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. पैसे मोजून घेतलेली जागा रिकामी ठेवून काय लोणचं घालायचंय?

इथपर्यंत नुकसान सेकंदांचं आणि बॅटरीचं आहे. आता आत्याचं सांगतो.

आत्या नवीन पनवेलला एकटी राहते. तिला रात्री नऊला बीपीची गोळी असते. आठवण करून देणारं ॲप मीच तिच्या फोनमध्ये टाकलं होतं, आणि मोठ्या हौसेने क्लीनरसुद्धा मीच टाकला होता, रोज संध्याकाळी आपोआप चालेल असा. त्याने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली होती. दुकानातल्या सवयीने मी ती देऊन टाकली. ही परवानगी असलेलं ॲप तुमच्या वतीने स्क्रीनवरची बटणं दाबू शकतं. हा क्लीनर एकेका ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' दाबायचा. अँड्रॉइडमध्ये फोर्स स्टॉप केलं की त्या ॲपने लावलेले गजरही रद्द होतात, आणि तुम्ही ते ॲप स्वतः उघडेपर्यंत ते झोपूनच राहतं.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? घरी येऊन पाकीट मोजलं, तर अकरा गोळ्या जास्त होत्या. आत्या म्हणाली, "अरे, तो वाजायचा थांबला ना. मला वाटलं, तूच बंद केलंस. कोर्स संपला असेल."

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या फोनवर त्या अकराही दिवशी हिरवा गोल होता आणि खाली लिहिलेलं होतं, 'तुमचा फोन उत्तम स्थितीत आहे.'

कोणी म्हणेल, बिचाऱ्या इंजिनिअरांकडे याहून चांगला आकडाच नसेल. हे साफ खोटं आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१४ मध्ये 'मेमअव्हेलेबल' नावाची नवी नोंद आली. 'मेमफ्री' म्हणजे अगदी कोरी पानं. 'मेमअव्हेलेबल' म्हणजे नवं ॲप उघडायला, कोणाला फारसा त्रास न देता, साधारण किती जागा काढता येईल याचा अंदाज. ही नोंद आणावी लागली, कारण लोक कोरी पानं आणि कॅश यांची आपापली बेरीज मारून चुकीची उत्तरं काढत होते.

डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० आलं. त्यात फेसबुकच्या इंजिनिअरांनी केलेलं 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन' होतं. ते जागा मोजतच नाही, खोळंबा मोजतं. गेल्या दहा सेकंदांत, एका मिनिटात, पाच मिनिटांत मेमरीअभावी कामं किती टक्के वेळ अडून राहिली? डबा किती भरलाय यापेक्षा किती माणसं फलाटावर ताटकळली, हा खरा प्रश्न आहे. अँड्रॉइड १० पासून मेमरी कमी पडल्यावर कोणतं ॲप बंद करायचं हे ठरवणारी यंत्रणा हीच मोजणी वापरू शकते. म्हणजे फोन स्वतःचे निर्णय घेताना चांगला आकडा बघतो, आणि तुम्हाला लाल गोल दाखवतो.

कोणत्या ॲपने किती रॅम खाल्ली, या यादीतही तीच गंमत. स्टेशनवरून शेअर रिक्षात तिघं बसले. प्रत्येकाच्या नावावर रिक्षाचं पूर्ण भाडं लिहिलं, तर बेरीज तिप्पट होईल. अनेक ॲप एकाच लायब्ररीची पानं वाटून वापरतात. एक मोजणी, आरएसएस, ती पानं प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण धरते. दुसरी, पीएसएस, वाटून धरते. तुमच्या यादीतला आकडा यातला कोणता, हे कुठे लिहिलेलं बघितलंय? मी तरी नाही.

आणि मग '८ + ८ जीबी रॅम'ची जाहिरात. त्यातली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजचा राखून ठेवलेला तुकडा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद असतं. ओट्यावर जागा नाही म्हणून परात माळ्यावर ठेवली, तर सोय होते, हे मान्य. पण म्हणून 'आमच्याकडे दोन ओटे आहेत' असं कोणी सांगत सुटत नाही. अठरा वर्षांचा पोरगा पहिल्या पगारातून फोन घेतो, तेव्हा तो ही बेरीज खरी धरून पैसे मोजतो.

माझा एक मित्र म्हणतो, "सामान्य माणसाला पानं, कॅश कशाला सांगतोस? त्याला साधा आकडा लागतो." मलाही साधाच आकडा हवाय, फक्त उपयोगाचा. विजेच्या बिलावर युनिट असतात. ट्रान्सफॉर्मर कसा चालतो हे माहीत नसतानाही आपण ते वाचतो. 'आज मेमरीमुळे फोन एकूण चाळीस सेकंद अडला' हे वाक्य माझ्या आत्यालाही कळेल.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: क्लीन केल्यावर काही वेळा फोन खरंच हलका वाटतो. दोन-तीन जीबीच्या जुन्या फोनवर, किंवा एखादं बिघडलेलं ॲप घेतलेली पानं सोडतच नसेल तर, हे होतं. पण तिथे इलाज त्या एका ॲपचा करायचा. ते बंद करा, काढून टाका, फार तर फोन रीस्टार्ट करा. एका पोराने दंगा केला म्हणून अख्खी शाळा सोडून देत नाहीत.

फोन बनवणाऱ्यांकडे माझं मागणं तीन ओळींचं आहे. सेटिंगमध्ये 'भरलेली' रॅम दाखवायची तर तिच्यातली लगेच सुटणारी किती, हे शेजारी लिहा. टक्क्यांच्या गोलाऐवजी खोळंबा दाखवा. आणि स्टोरेजला रॅम म्हणून विकणं थांबवा.

आपल्या हातात आहे ते आजच करता येईल. घरातल्या मोठ्यांचा फोन घ्या. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा आणि तिथे एखादा क्लीनर किंवा बूस्टर बसलाय का बघा. असेल तर परवानगी काढा, मग ॲपच काढा. नंतर त्यांचं गोळीचं, गजराचं ॲप एकदा स्वतः उघडा, म्हणजे ते जागं होईल. दुकानातली ती गिऱ्हाइकं आता मला सापडणार नाहीत, नाहीतर हे काम मी त्यांच्याकडे जाऊन केलं असतं. फुकट.