अर्ज आला की लिलाव थांबलाच पाहिजे

कर्जनिवारणाचा अर्ज म्हणजे लिलाव लांबवण्याची युक्ती, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. लिलाव लांबतो हे खरेच आहे. तो लांबावा म्हणूनच तर अर्ज असतो! व्याजाच्या हिशेबातली चूक नंतर दुरुस्त करता येते, पण विकलेले वावर एकदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढले की ते परत मिळवण्यात शेतकऱ्याची उमेद संपते. म्हणून आधी हिशेब तपासावा आणि मग विक्रीचे बघावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुणे जिल्ह्यातल्या डिंभ्याच्या माणसांना हे पटवून द्यावे लागत नाही. जवळच्याच जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७३च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड पुकारले आणि सावकारांची नाके कापली. त्या हिंसेचे समर्थन मी करत नाही. पण जमीन हातची जात असताना दाद मागायला जागाच नसली की काय होते, ते त्यातून दिसते. पुढे १२ मे १८७५ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. स्पष्टपणे गहाण न टाकलेली शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करून विकता येणार नाही, असे त्याने ठरवले. १९४७च्या मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. कर्जाच्या तडजोडीसाठी अर्ज झाला की त्या कर्जाचे चालू दावे आणि दरखास्ती तडजोड करणाऱ्या न्यायालयाकडेच वर्ग व्हायच्या. एका कचेरीत हिशेब चाललेला असताना दुसरीकडे जमिनीची बोली लागण्याची वाट त्यामुळे बंद झाली. निवाडा होई तो शेतकऱ्याची ऐपत बघून, हप्त्यांनी.

आता दुसरा आक्षेप, पत आटते हा. यात तथ्य आहे. १८७९नंतर सावकार नुसत्या रोख्यावर पैसे देईनासे झाले आणि थेट खरेदीखते लिहून घेऊ लागले. पण यातून कायदा नको होता असे ठरत नाही, त्याला पळवाट होती एवढेच ठरते. ती बुजवण्यासाठी खताच्या आड दडलेला खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यातही हेच सूत्र आहे: अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे.

आदिवासींना वेगळे संरक्षण आहेच, असेही सांगतात. ते आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण घोड नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बिगर-आदिवासी अल्पभूधारकाचे काय? त्याच्या हातात अर्जच उरतो. म्हणून अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून निकालापर्यंत जप्ती, लिलाव आणि फेरफार आपोआप थांबतील, अशी तरतूद हवी. खोटा अर्ज करणाऱ्याकडून थांबलेल्या काळाचे व्याज जरूर घ्यावे, आणि निबंधकालाही निकालासाठी मुदत घालून द्यावी.