सूर्य काही बोलते का?

जिवतीला जायचं म्हणजे चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूर आणि मग डोंगर चढणारी एसटी. सिमेंट कारखाने मागे पडले की माणिकगडचे डोंगर सुरू होतात आणि मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते. पलीकडे तेलंगणाची हद्द. माझी हॉस्टेलमधली रूममेट तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. ‘वीकेंडला ये, जंगल दाखवते,’ म्हणाली आणि शनिवारी सकाळी मला थेट वर्गात नेऊन बसवलं!

विषय होता रसग्रहण. कविता ‘पृथ्वीचे प्रेमगीत’. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तली, म्हणजे १९४२ची. माझ्यासाठी ही कविता म्हणजे गॅदरिंगला म्हणायचा हुकमी आयटम. ठेकाच असला सॉलिड की अर्थाकडे लक्ष जात नाही. गाइडमध्ये उत्तर ठरलेलं असतं : उदात्त प्रेम, समर्पण वगैरे वगैरे. मैत्रिणीने गाइडं मिटायला लावली. ‘कोण कोणाला काय सांगतंय, तेवढंच बघा.’

सांगतेय पृथ्वी, सूर्याला. आणि आपल्या प्रेमगीतांचा कायमचा हीरो चंद्र इथे चक्क नाकारलेलं स्थळ आहे. सूर्याचे सांडलेले तेजाचे कण वेचून इम्प्रेशन मारणारा! लाजून लाल झालेला मंगळ आहे. पहाटे दारात उभा राहणारा शुक्र आहे. ध्रुव निराश होऊन उत्तरेला संन्यासी बनून बसलाय. केस पिंजारलेला धूमकेतू अधूनमधून येऊन विनवण्या करतो. पृथ्वीच्या लेखी हे सगळे काजवे. त्यांच्यापेक्षा सूर्याचं लांब असणं परवडलं, असा तिचा फंडा. प्रेमही तीच सांगते, नकारही तीच देते. ‘विशाखा’ आली तेव्हा कवी जेमतेम तिशीचा होता.

मी एकदम खूश. कारण आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेले पाच बायोडेटा माझ्या फोनमध्ये होतेच. पुण्यातला सज्जन इंजिनीअर, शुक्र. दोन ब्रेकअपनंतर ट्रेकिंगला लागलेला, धूमकेतू. आणि दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट गेलेला ‘तो’... वेगळं सांगायला नको.

वर्गातल्या मुलांच्या घरी कुठे गोंडी, कुठे कोलामी, कुठे बंजारा बोली. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

‘मॅडम, सूर्य काही बोलते का?’

वर्ग हसला. मैत्रिणीने मात्र पुस्तक पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. नाही बोलत. एक शब्दही नाही. ही युगानुयुगं फिरतेय, आठवणीने हिच्या पोटातला निखारा उसळतोय, शेवटी स्वतःला धूळ म्हणवून घेतेय (हे मला आधीपासूनच खटकतं), आणि समोरचा गप्प.

सायन्सचा एक मुलगा उगाच येऊन बसला होता. तो म्हणाला, ‘अंतर पंधरा कोटी किलोमीटर आहे मॅडम. उजेडालाच आठ मिनिटं लागते. हे जवळ गेली तर जळून जाईन.’

‘मंग त्याला हिचं माहीत तरी आहे का?’ मुलगी बसायलाच तयार नव्हती.

गाइडमध्ये याला उत्तर नाही. माझ्या मते कवितेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि इतकी वर्षं ही कविता म्हणूनही मला तो सुचला नव्हता. एकाने विचारलं, पेपरात हे लिहिलं तर चालेल का? मैत्रीण म्हणाली, ‘आधी गाइडमधलं लिहा, मग हे.’ तासिका तत्त्वावर आहे बिचारी.

संध्याकाळी गावाबाहेरच्या चढावर रेंज मिळाली. तिकडे सकाळ झाली होती. एरवी फोन लागला की मीच सुटते : ऑफिस, रिक्षावाला, आईचे बायोडेटा. त्या दिवशी मी नुसतं म्हटलं, ‘आज तू बोल.’

पलीकडे बराच वेळ काही नाही.

मग तो म्हणाला, ‘तुझी रेंज गेली वाटतं.’

रेंज फुल होती.