माणसं कामावर कशी वागतात?

एमबीए, एम.कॉम.चे निकाल लागले की आमच्या कॉलेजात पालकांची ये-जा वाढते. 'मुलगी पीएच.डी. करायची म्हणते, आणि विषय काय तर ओबी,' असं सांगताना आई-वडिलांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. ओबी म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, मराठीत संघटनात्मक वर्तन. 'मॅडम, माणसं कशी वागतात ते आम्हाला दुकानात रोज दिसतंय. त्यासाठी पाच वर्षं कशाला घालवायची?' हा प्रश्न मला मराठीतही विचारतात आणि कन्नडमध्येही. प्रश्न रास्त आहे. एकाच्या पगारावर चार माणसं जगत असतील तर तो विचारलाच पाहिजे.

दिसणं आणि तपासणं यात मात्र फरक आहे. शिकागोजवळ सिसरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. सुरुवात साधी होती: दिव्याचा उजेड वाढवला तर काम वाढतं का? उजेड आणि काम यांचा सरळ मेळ काही बसेना. शेवटच्या टप्प्यात, १९३१-३२ मध्ये, चौदा पुरुष कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक बसवला गेला. जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळणार होते, तरीही या मंडळींनी दिवसाला किती काम करायचं याची मर्यादा आपापसात ठरवून टाकली होती. ती ओलांडणाऱ्याची थट्टा व्हायची, प्रसंगी दंडावर गुद्दाही बसायचा. मालकाच्या हिशेबात हा आपल्याच माणसांचा दबाव कुठेच नव्हता. पुढे अनेकांनी हॉथॉर्नचे आकडे पुन्हा तपासले आणि काही निष्कर्षांवर शंका घेतल्या. संशोधन असंच चालतं.

आपल्या देशातलं उदाहरणही तितकंच बोलकं आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन म्हणावं तसं होत नव्हतं. कामाचे बारा तुकडे पाडलेले, आणि प्रत्येकजण आपापला तुकडा सांभाळणारा. राइस यांनी सुचवलं की ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटावर सोपवावी. ही कल्पना कामगारांनी स्वतःच उचलली आणि गट बनवले. उत्पादन सुधारलं, खराब कापड कमी झालं. याचं पुस्तक १९५८ मध्ये आलं. पुढे त्यांचेच सहकारी एरिक मिलर पुन्हा तिथे गेले, तेव्हा ही पद्धत काही ठिकाणी टिकली होती आणि काही ठिकाणी विरून गेली होती. का टिकली आणि का विरली, हा प्रश्न उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीतही विचारता येईल.

आता व्यवहाराचं बोलू. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण असलेल्यांना पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो; राखीव गटांना सवलत आहे. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात आणि महिलांना त्याहूनही दोन वर्षं जास्त. शिवाय महिलांसाठी २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेची तरतूद आहे. 'लग्न झाल्यावर शिक्षण अर्धवट राहील' म्हणणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावं, आणि मुलगी बघायला येणाऱ्यांनाही सांगावं. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. त्यात जेआरएफ मिळाली तर खर्चाचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये असा दर आहे. जेआरएफ नसेल आणि घरची ओढाताण असेल, तर नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.चा पर्याय नियमात आहे. कर्ज काढून मात्र पीएच.डी. करू नये, असं मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

विषय निवडताना बहुतेक मुलं 'कर्मचारी समाधान : एक अभ्यास' असं काहीतरी घेऊन येतात. तो प्रश्न नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. फाउंड्रीत शिकाऊ म्हणून आलेली मुलं काम सोडून का जातात? बापाच्या कारखान्यात मुलगा रुजू झाला की जुना फोरमन कुणाचं ऐकतो? असे प्रश्न आपल्या आजूबाजूला पडलेले आहेत. गाइड निवडतानाही नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटावं, किती जणांचं पूर्ण झालं ते विचारावं. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांपासून लांब राहावं.

आपल्या घरातल्या मुलांकडे एक भांडवल आहे, त्याची त्यांना कल्पना नसते. या विषयातल्या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत तयार होतात. 'तुमचे साहेब तुम्हाला आधार देतात का?' याचं मराठी कुणी 'सांभाळून घेतात का' असं केलं, तर कामगाराला वाटेल की चुका पोटात घालण्याबद्दल विचारताहेत. म्हणून एकाने भाषांतर करायचं आणि दुसऱ्याने मूळ न बघता ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, ही पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये नीट मांडली. घरात आजीशी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या मुलाला असा फरक आपोआप कळतो. 'बघू' आणि 'नोडोण री' यांत होकार किती आणि नकार किती, हे बाहेरून आलेल्या संशोधकाला कुणी सांगायचं?

पण ही जवळीक जबाबदारीही आणते. मालकाची परवानगी घेऊन आपण आत जातो, आणि बोलतो कामगारांशी. चाळीस माणसांच्या कारखान्यात 'वय पन्नास, कन्नड भाषिक, कोअर विभाग' एवढं लिहिलं तरी नाव लिहिल्यासारखंच होतं. अहवाल मालकाच्या टेबलावर गेला की त्या माणसाची नोकरी जाऊ शकते. तो कदाचित आपल्याच गल्लीतला असेल, त्याची पोरं आपल्याच शाळेत असतील. म्हणून कोणती माहिती कुणाला दाखवणार ते आत शिरण्याआधीच मालकाला लेखी कळवावं, कामगाराला 'नाही' म्हणायची मोकळीक द्यावी, आणि एखादं चांगलं वाक्य ओळख उघड करत असेल तर ते प्रबंधातून काढून टाकावं. हे ज्याला जमणार नाही त्याने या विषयात येऊ नये, मग गुण कितीही असोत.

तेव्हा पालकांनो, मुलाने किंवा मुलीने हा विषय काढला तर लगेच 'उपयोग काय' असं विचारू नका. 'तुझा प्रश्न कोणता आहे?' असं आधी विचारा. तिला तो दोन वाक्यांत, तुम्हाला कळेल अशा मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगता आला, तर पुढचं बोलणं पैशांचं आणि वर्षांचं करा. सांगता आला नाही, तर तिला सहा महिने द्या आणि मग पुन्हा विचारा.