यादीबाहेरचा लॅपटॉप

थिंकपॅड टी४७० आणि थिंकपॅड टी४८० शेजारी शेजारी ठेवले, तर त्यातला कोणता कोणता हे चटकन ओळखता येत नाही. रंग तोच काळा, कीबोर्ड तसाच, मधला लाल ठिपकाही तोच. पहिला २०१७चा, दुसरा २०१८चा. दोन्हींत आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर पत्र टाइप करणे, जीएसटीचे रिटर्न भरणे, मुलांचा ऑनलाइन क्लास ही कामे दोन्ही सारख्याच सहजपणे उरकतात. फरक आहे तो प्रोसेसरचा. टी४७० मध्ये इंटेलचा सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि टी४८० मध्ये बहुधा आठव्या पिढीचा. एवढ्या फरकावर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या यादीत एकाला घेतले आणि दुसऱ्याला बाहेर ठेवले.

ही यादी आली तेव्हा, म्हणजे २०२१ साली, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. विंडोज १० चालू होते, दर महिन्याला त्याचे अपडेट येत होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची मुदत संपली आणि चांगल्या चालत्या लॅपटॉपचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी, दुकानादुकानांत उभा राहिला. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. त्यातल्या कित्येकांवर आज यादी झुगारून विंडोज ११ टाकले जात आहे. हे करावे की करू नये, यावर वाद घालण्याआधी यादी का केली ते पाहिले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या अटींत ‘टीपीएम २.०’ नावाची चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर या तीन अटी कळीच्या आहेत. टीपीएम म्हणजे लॅपटॉपच्या आतली छोटी तिजोरी. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या ती वेगळ्या जपते. सिक्युअर बूट यंत्र सुरू होतानाच कोणी भलता प्रोग्रॅम मध्ये शिरला नाही ना, हे तपासते. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि त्यांचा आग्रह धरण्यात काही गैर नाही.

खटकते ती प्रोसेसरची अट. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे एक संरक्षण आहे. जुन्या प्रोसेसरवर ते चालते, पण यंत्राला जड जाते. ते हलके करणारी सोय इंटेलने सातव्या पिढीपासूनच दिली होती. तरीही रेघ आठव्या पिढीवर ओढली गेली. सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या प्रोसेसरना नंतर सवलत मिळाली, त्यात कोअर आय७-७८२०एचक्यू आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात नेमका हाच प्रोसेसर बसवलेला होता. कंपनीने दिलेली आकडेवारीही बघण्यासारखी आहे. चाचणीच्या काळात अटीत न बसणारी यंत्रे ५२ टक्के जास्त वेळा कोलमडली, असे कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. त्याच निवेदनात अटीत बसणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के निर्धोक होता, असेही म्हटले होते. मूळ प्रमाणच इतके कमी असेल, तर ते दीडपट होऊनही कमीच राहते. त्यामुळे सातव्या पिढीच्या धडधाकट यंत्राला बाहेर काढण्याइतके सबळ कारण पुढे आले, असे म्हणता येत नाही.

यादीच्या बाहेरून आत शिरण्याची एक वाट तर कंपनीनेच दाखवली होती. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली, की प्रोसेसरची अट बाजूला होते आणि टीपीएम १.२ असला तरी चालतो. ही नोंद मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत मदतपानावर काही वर्षे दिसत होती, २०२५च्या सुरुवातीला ती तिथून काढली गेली. दुसरी वाट रूफस या मोफत प्रोग्रॅमची. पीट बटार्ड यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम विंडोजची फाइल पेनड्राइव्हवर चढवताना विचारतो, की टीपीएम, सिक्युअर बूट आणि चार जीबी रॅमची अट काढून टाकायची का. तिथे एक टिक केली, की काम झाले. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवावी, कुणाच्या पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्रामवरून घेऊ नये. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आधी सगळ्या फायलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. पुढचे काम तासा-दोन तासांचे आहे.

इथवर सगळे सोपे वाटते. फसगत होते ती यानंतर, आणि तीही पुष्कळदा वर्ष उलटून गेल्यावर.

विंडोज ११ ही एकच वस्तू नाही. तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि घरगुती वापराच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सुरक्षेचे अपडेट मिळतात. २२एच२ची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ला संपली, २३एच२ची ११ नोव्हेंबर २०२५ला. यादीतल्या लॅपटॉपला पुढची आवृत्ती आपोआप मिळते. यादीबाहेरच्या लॅपटॉपला दर महिन्याचे अपडेट सहसा येत राहतात, पण वार्षिक आवृत्ती आपणहून येत नाही. ती मालकाने पुन्हा पेनड्राइव्ह करून चढवायची असते. त्याने ती चढवली नाही, तर मुदत संपल्यावर महिन्याचे अपडेटही थांबतात. पडद्यावर तोच निळा वॉलपेपर, तोच स्टार्ट मेनू राहतो. माणूस समजतो आपण विंडोज ११ वर आहोत, म्हणजे सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात त्याची अवस्था विंडोज १० वर राहिलेल्या माणसासारखीच झालेली असते. शिवाय कंपनीने लिहूनच ठेवले आहे, की अटीत न बसणाऱ्या यंत्रांना अपडेटचा हक्क नाही. आज येतात म्हणून ते उद्याही येतील, असे धरून चालता येत नाही. फारच जुन्या यंत्रांसाठी तर दार बंदच झाले आहे. २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंटसारख्या काही सूचना लागतात. त्या कोअर २ ड्युओमध्ये नाहीतच, तेव्हा कितीही वेळा टिक केली तरी ही आवृत्ती त्यावर सुरू होत नाही.

अपडेट चुकले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांची यंत्रे गेली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेत्या आला. तो इतर मार्गांबरोबर त्याच भोकाचाही वापर करत होता. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला तडाखा दिला आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या गोष्टीने उरणजवळ कंटेनर अडवून ठेवले.

म्हणून या सगळ्यात खरा आक्षेप घ्यायला हवा तो जुन्या लॅपटॉपच्या बाजारावर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप विकले जातात. ही चांगली गोष्ट आहे. नवा लॅपटॉप न परवडणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या हातात पहिला संगणक येतो तो इथूनच. पण सहाव्या पिढीच्या यंत्रावर अकरा टाकून त्यावर ‘विंडोज ११’ एवढेच लिहिले जाते, तेव्हा गिऱ्हाइकापासून महत्त्वाची गोष्ट लपवली जाते. विकणाऱ्याने बिलावर एक ओळ लिहावी: हे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, दरवर्षीची आवृत्ती हाताने टाकावी लागेल. तो ती वर्षातून एकदा रास्त पैशांत टाकून देत असेल, तर तेही लिहावे. बाराशे रुपयांच्या मिक्सरवर वॉरंटीचा शिक्का मागणारे आपण ही ओळ मागायला का कचरतो?

गिऱ्हाइकाला स्वतःलाही दुकानातच पाहता येते. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला, की आवृत्ती समोर येते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवले, की यंत्र यादीत आहे की नाही ते कळते.

घरच्या वापरासाठी, मालकाला सगळे माहीत असताना, सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर अकरा टाकण्यात काही चूक नाही. दवाखाना, पतसंस्था, कर सल्लागाराचे ऑफिस यांची गोष्ट वेगळी. तिथल्या डिस्कवर दुसऱ्यांचे आजार, दुसऱ्यांच्या ठेवी, दुसऱ्यांचे पॅन क्रमांक असतात. त्यांच्या वतीने ही जोखीम घेण्याचा अधिकार मालकाला नाही. तिथे यादीतलेच यंत्र हवे. निदान विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट पैसे भरून घ्यावेत. कार्यालयांसाठी ते तीन वर्षे मिळतात. पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट.

विंडोज सोडून लिनक्स घ्या, हा सल्ला सहज दिला जातो. ब्राउझर, पत्रे, सिनेमे एवढ्यापुरता तो उत्तम आहे. लिनक्स मिंटची २२वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देते, चार जीबी रॅमवर चालते आणि टीपीएम मागत नाही. केरळने शाळांमध्ये लिनक्स कित्येक वर्षे चालवून दाखवले आहे. मात्र ज्या डीटीपी ऑपरेटरचे आयुष्य श्रीलिपी आणि तिच्या डोंगलवर गेले, ज्या हिशेबनिसाचा दिवस टॅलीत सुरू होऊन टॅलीत संपतो, त्याला हा सल्ला देणे म्हणजे त्याचे कामच न समजणे आहे. त्याला विंडोज लागणारच. लिनक्स घेणारा असो की विंडोजवर राहणारा, दोघांसाठीही पहिला खर्च एकच असावा: जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे. आठ-नऊ वर्षांच्या लॅपटॉपचा मंदपणा बहुतेक वेळा तिथेच असतो.

हा खटाटोप कशासाठी, तर जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराच माल उघड्यावर जाळून, ॲसिडमध्ये बुडवून तांबे-सोने काढणाऱ्यांच्या हाती पडतो. चालता लॅपटॉप त्या ढिगात कंपनीच्या एका यादीमुळे जाऊ नये. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे विक्रीच्या वेळीच खोक्यावर छापण्याची सक्ती सरकारने करायला हवी. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, तशी.

तोवर १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करून ठेवण्यासारखी आहे. विंडोज १०ची घरगुती वाढीव मुदत, म्हणजे सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तर मोफत, नाहीतर ३० डॉलर भरून मिळणारी, त्याच दिवसापर्यंतची आहे. घरगुती विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीची मुदतही नेमकी त्याच दिवसापर्यंत आहे. टी४७० वर ज्यांनी अकरा टाकून घेतले आहे, त्यांनी विनव्हर उघडावे. तिथे २४एच२ किंवा त्याआधीचे काही दिसले, तर पेनड्राइव्ह शोधायला घ्यावा.