मेंदूची दुखापत आणि मैदानावर परतण्याची घाई

अमेरिकन फुटबॉलमध्ये गुडघा दुखावला तर तो दिसतो. मेंदूला झालेली इजा दिसत नाही. २५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक तुआ टागोवैलोआ डोके आपटल्यानंतर मैदानातच अडखळला. तोल गेला तो पाठीच्या दुखण्यामुळे, असे ठरवून त्याला पुन्हा खेळविण्यात आले. चारच दिवसांनी पुढच्या सामन्यात तो कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. नियमांचे पालन झाले होते, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. याचाच अर्थ, त्रुटी नियमांतच होती. तोल गेलेल्या खेळाडूस त्या सामन्यात पुन्हा उतरविण्यास त्यानंतर मनाई झाली.

प्रश्न जुनाच आहे. २००२ मध्ये निधन झालेल्या माइक वेबस्टरच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा आढळल्या होत्या. या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. त्यामुळे खेळाडू ‘तंदुरुस्त’ ठरतो, तेव्हा लक्षणे ओसरली एवढेच सिद्ध होते. माजी खेळाडूंना भरपाई देण्याचे लीगने २०१३ मध्ये मान्य केले; परंतु भरपाईने स्मृती परत येत नाही. शंकेचा फायदा सामन्याला नव्हे, खेळाडूच्या मेंदूलाच मिळायला हवा.