मामीचा प्रश्न



या वेळी कोडिंग बाजूला ठेवून घरातलीच गोष्ट सांगतो. माझी मामेबहीण बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याला राहते. चार वर्षं तिचं डोकं दुखत होतं. चष्मा झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, उपास बंद झाले. दिवाळीत सगळे जमलो होतो. हसता हसता ती एकदम मान धरून खाली बसली. तेव्हा कळलं, खोकलं, शिंकलं, हसलं की मानेच्या वर मागच्या बाजूला कळ उठते. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्यांदा हेच विचारलं आणि मग एमआरआय करायला सांगितला. मेंदूतून मज्जारज्जू कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली जातो. लहान मेंदूची टोकं त्या छिद्राच्या वर असतात. हिची आठ मिलिमीटर खाली उतरली होती. साधारण पाच मिलिमीटर किंवा जास्त उतरली, तर त्याला कियारी मालफॉर्मेशन म्हणतात. १८९१ मध्ये प्रागच्या हान्स कियारी यांनी शवविच्छेदनांवरून याचं वर्णन केलं होतं. आता तेच जिवंत माणसात, क्ष-किरण न वापरता, अर्ध्या तासात दिसतं.

पण नुसत्या चित्रावर निर्णय होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. टोकं खाली असूनही काहींना कधीच त्रास होत नाही. म्हणून लक्षणं जुळतात का, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाली आहे का, हे पाहतात. हिला पोकळी नव्हती. सध्या औषधं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी; त्रास वाढला तर ऑपरेशनचा विचार.

मामी तिथे एक शब्द बोलली नाही. परतताना गाडीत हळूच म्हणाली, "बाबू, जन्मापासूनचं आहे म्हणले ना डॉक्टर? हे पोटात होती तवा ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्याच्यानं तं नाही झालं?"

मी सांगितलं, "नाही मामी. कवटीच्या मागच्या भागात जागा जन्मतःच थोडी कमी पडली, म्हणून टोकं खाली सरकली. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही."

"पुन्हा सांग."

तुमसर येईपर्यंत तीनदा सांगितलं. मग तिने डबा उघडला.

मंडळी, घरात कोणाचं डोकं वारंवार दुखत असेल तर कुठे दुखतं, कशाने वाढतं, एवढं विचारा. खोकताना मागून दुखत असेल, तर गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.